विल्यम बँटिंग

विल्यम बँटिंग (जन्म : सुमारे डिसेंबर १७९६, मृत्यू : लंडन, १६ मार्च १८७८) हे अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणारे लंडनमधील एक प्रतिष्ठित व्यावसायिक होते. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कानाच्या एका शल्यचिकित्सकाच्या सल्ल्यावरून त्यांनी पाव, साखर, बटाटे, दूध, लोणी आणि बिअर यांचा त्याग केला व अनेक वर्षे छळणारी स्थूलता आटोक्यात आणली. हा अनुभव त्यांनी १८६३ साली एका लहानशा पुस्तिकेच्या रूपाने लोकांपुढे ठेवला. कमी कर्बोदकांच्या आहाराचा सर्वसामान्य लोकांत झालेला प्रसार या पुस्तिकेपासून सुरू झाला, असे मानले जाते.

बँटिंग हे वैद्य नव्हते, संशोधक नव्हते आणि त्यांनी अनुसरलेल्या आहाराचे जनकही नव्हते. तरीही तो आहार त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाला. नाव जसजसे दूरवर पोचले तसतसे त्यांनी प्रत्यक्षात काय खाल्ले, किती खाल्ले आणि कोणता दावा केला याचा लोकांना विसर पडत गेला. कमी कर्बोदकांच्या आहाराविषयी आज प्रचलित असलेल्या अनेक गैरसमजांची मुळे या विस्मरणात सापडतात.

कुटुंब आणि व्यवसाय

बँटिंग घराण्याची पेढी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीट या प्रतिष्ठित भागात होती. ब्रिटिश राजघराण्यातील अंत्यसंस्कारांच्या व्यवस्थेचा अधिकृत परवाना या घराण्याकडे १८११ ते १९२८ या काळात पाच पिढ्या राहिला. राजे तिसरे जॉर्ज (१८२०) आणि चौथे जॉर्ज (१८३०), वॉटर्लूच्या लढाईतील सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन (१८५२) व राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट (१८६१) यांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था याच पेढीने पाहिली. विल्यम यांच्या निधनानंतर स्वतः राणी व्हिक्टोरिया (१९०१) आणि राजे सातवे एडवर्ड (१९१०) यांच्या अंत्यसंस्कारांचे कामही या घराण्याकडेच आले.

अशा व्यवसायात वक्तशीरपणा, काटेकोरपणा आणि मितभाषीपणा यांना फार महत्त्व असते. बँटिंग यांचा मूळ स्वभावही शिस्तीचा होता. सुमारे पन्नास वर्षे काम करून ते व्यवसायातून निवृत्त झाले. या काळात त्यांचे जीवन आळशी नव्हते, खाण्यापिण्यात ते बेताल नव्हते आणि त्यांच्या आईवडिलांच्या घराण्यांत स्थूलतेची प्रवृत्तीही नव्हती, असे त्यांनी पुढे आपल्या पुस्तिकेत आवर्जून नमूद केले. लठ्ठ माणूस म्हणजे आळशी आणि खादाड, असे समीकरण त्या काळी रूढ होते. ते आपल्याला लागू पडत नाही हे त्यांना सांगावयाचे होते.

स्थूलतेशी झगडा

वयाची तिशी ओलांडल्यावर बँटिंग यांचे वजन वाढू लागले. एका नामांकित शल्यचिकित्सकाने त्यांना व्यायाम वाढविण्याचा सल्ला दिला. त्याप्रमाणे ते पहाटे उठून दोनदोन तास नदीत होडी वल्हवू लागले. त्यामुळे स्नायू बळकट झाले, परंतु भूकही प्रचंड वाढली. वाढलेली भूक भागविताना वजन पूर्वीपेक्षा अधिक झाले आणि अखेर त्यांना वल्हविणे सोडून द्यावे लागले.

पुढील अनेक वर्षांत त्यांनी त्या काळी उपलब्ध असलेले बहुतेक सर्व उपाय करून पाहिले. समुद्रकाठची हवा आणि समुद्रस्नान, घोड्यावरील रपेट, लेमिंग्टनसारख्या आरोग्यस्थळी जाऊन खनिज पाणी पिणे, क्षारयुक्त औषधे, अल्पाहार, तुर्की पद्धतीची बाष्पस्नाने असे हे उपाय होते. त्यांपैकी काहींनी थोडे वजन उतरले, पण ते उतरलेले राहिले नाही. त्यांनी सल्ला घेतलेले चिकित्सक नामांकित होते. तथापि स्थूलता हा स्वतंत्रपणे उपचार करण्याजोगा विकार आहे असे त्यांपैकी बहुतेकांना वाटत नव्हते. वयोमानाप्रमाणे अंग भरणे हे स्वाभाविकच, असे सांगून ते विषय संपवीत.

१८६२ च्या ऑगस्ट महिन्यात बँटिंग यांची उंची सुमारे ५ फूट ५ इंच (१६५ सेंमी.) आणि वजन २०२ पौंड (सुमारे ९२ किग्रॅ.) होते. वाकून बुटाची नाडी बांधणे त्यांना अशक्य झाले होते. गुडघ्यांवर व घोट्यांवर येणारा भार टाळण्यासाठी ते जिना उलट्या पावलांनी, सावकाश उतरत. गुडघे व घोटे पट्ट्यांनी बांधावे लागत. बेंबीजवळ अंतर्गळ झालेला होता. थोड्याशा श्रमानेही धाप लागे. दृष्टी मंदावत चालली होती आणि ऐकू कमी येऊ लागले होते.

शारीरिक त्रासाइतकाच लोकांच्या टिंगलीचा त्रास होता. सार्वजनिक वाहनांत, सभांत आणि रस्त्यांवर होणाऱ्या शेरेबाजीमुळे त्यांनी अशा ठिकाणी जाणे शक्य तितके टाळले. एका सधन आणि राजदरबारी वावरलेल्या गृहस्थाने हा अपमान पुढे छापील शब्दांत मान्य करणे ही त्या काळाच्या मानाने असामान्य गोष्ट होती.

विल्यम हार्वी यांचा सल्ला

कमी ऐकू येण्याच्या तक्रारीमुळे बँटिंग हे लंडनच्या सोहो स्क्वेअर येथील कर्णचिकित्सक विल्यम हार्वी यांच्याकडे गेले. (सतराव्या शतकात रक्ताभिसरणाचा शोध लावणारे विल्यम हार्वी वेगळे.) कानाच्या अंतर्भागाजवळ साचलेल्या चरबीच्या दाबामुळे श्रवणशक्ती मंदावली आहे, असे हार्वी यांचे निदान झाले. म्हणून कानावर उपचार करण्याऐवजी त्यांनी आहार बदलण्यास सांगितले.

हार्वी यांच्या सल्ल्यामागे एक निश्चित विचार होता. १८५६ मध्ये पॅरिस येथे त्यांनी शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांची व्याख्याने ऐकली होती. यकृतात शर्करा तयार होते, हा बेर्नार यांचा शोध त्या वेळी चर्चेत होता. मधुमेहावर पिष्टमय व गोड पदार्थ वर्ज्य करून मुख्यतः मांसाहार देण्याची पद्धत तेव्हा होतीच. जो आहार मधुमेहात शर्करेला आळा घालतो, तोच अतिरिक्त चरबीलाही आळा घालू शकेल, असे अनुमान हार्वी यांनी काढले. बँटिंग यांच्यावर झालेला प्रयोग हा या अनुमानाचा प्रत्यक्ष वापर होता.

आहाराचे स्वरूप

बँटिंग यांचा पूर्वीचा आहार इंग्लंडमधील सुस्थितीतील माणसाचा नेहमीचा आहार होता. सकाळी दूध-पाव किंवा भरपूर दूध-साखर घातलेला चहा व लोणी लावलेला टोस्ट, दुपारच्या जेवणात मांस, बिअर, पुष्कळ पाव आणि पेस्ट्री, सायंकाळी पुन्हा न्याहारीसारखाच आहार आणि रात्री बहुधा फळांचा टार्ट किंवा दूध-पाव, असा त्यांचा क्रम असे. हार्वी यांनी दिलेला नवा आहार पुढीलप्रमाणे होता.

न्याहारी : चार ते पाच औंस (११५ ते १४० ग्रॅम) गोमांस, मटण, भाजलेला मासा किंवा डुकराचे ताजे मांस सोडून इतर थंड मांस, दूध व साखर न घातलेला मोठा कपभर चहा, एखादे लहान बिस्किट किंवा एक औंस (सुमारे २८ ग्रॅम) कोरडा टोस्ट.

दुपारचे जेवण : पाच ते सहा औंस (१४० ते १७० ग्रॅम) सॅमन सोडून कोणताही मासा किंवा डुकराचे सोडून कोणतेही मांस, बटाटा सोडून कोणतीही भाजी, एक औंस कोरडा टोस्ट, पुडिंगमधील केवळ फळे, कोंबडी अथवा शिकारीतील पक्षी, क्लॅरेट, शेरी किंवा मदेरा यांपैकी एखाद्या मद्याचे दोन ते तीन पेले. शॅम्पेन, पोर्ट व बिअर निषिद्ध.

सायंकाळी : दोन ते तीन औंस (५५ ते ८५ ग्रॅम) फळे, एखाददुसरा रस्क आणि दूध-साखरेविना चहा.

रात्री : तीन ते चार औंस (८५ ते ११५ ग्रॅम) मांस किंवा मासा व क्लॅरेटचे एक-दोन पेले. आवश्यक वाटल्यास झोपण्यापूर्वी साखर न घातलेले मद्य.

याखेरीज सकाळी उठल्यावर पाण्यातून घ्यावयाचे एक औषधही हार्वी यांनी दिले होते. वर्ज्य पदार्थांत पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे यांचा समावेश होता. या पदार्थांत पिष्ट आणि शर्करा असल्यामुळे त्यांच्यापासून चरबी तयार होते, असे स्पष्टीकरण बँटिंग यांना देण्यात आले होते. लोणी हे जवळजवळ पूर्णतः स्निग्ध पदार्थांचे बनलेले असल्याने त्याच्या बाबतीत हे स्पष्टीकरण चुकीचे होते.

वृद्ध माणसासाठी हे पदार्थ कसे आहेत हे सांगताना बँटिंग यांनी घोड्याचे उदाहरण दिले. जोमदार घोड्याला अधूनमधून मानवणारे घेवड्यासारखे दाणे जसे म्हाताऱ्या घोड्याला बाधतात, तसे तारुण्यात सोसणारे पाव-साखरेसारखे पदार्थ उतारवयात बाधतात, असा त्यांचा आशय होता. म्हणजे हा सल्ला सर्व वयाच्या, सर्व प्रकृतीच्या लोकांना सरसकट लागू आहे असा त्यांचा समज नव्हता.

परिणाम

२६ ऑगस्ट १८६२ रोजी २०२ पौंड असलेले बँटिंग यांचे वजन सप्टेंबर १८६३ मध्ये १५६ पौंड (सुमारे ७१ किग्रॅ.) झाले. सुमारे एका वर्षात ४६ पौंड (सुमारे २१ किग्रॅ.) वजन आणि कमरेचा घेर १२¼ इंच (सुमारे ३१ सेंमी.) कमी झाला. आठवड्याची सरासरी काढल्यास ही घट एका पौंडाहूनही थोडी कमी भरते. बँटिंग यांनी आपल्या वजनाची तारीखवार नोंद ठेवली होती आणि ती पुस्तिकेत प्रसिद्ध केली.

त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार आता ते जिना सरळ उतरू लागले, बुटाची नाडी स्वतः बांधू लागले आणि गुडघ्यांच्या पट्ट्या त्यांनी सोडून दिल्या. दृष्टी व श्रवणशक्ती यांतही सुधारणा झाल्याचे त्यांनी नोंदविले आहे.

पुस्तिकेचे प्रकाशन

बँटिंग यांनी १८६३ मध्ये ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स, ॲड्रेस्ड टू द पब्लिक’ (स्थूलतेविषयी जनतेस पत्र) ही पुस्तिका स्वखर्चाने छापली. पहिली आवृत्ती त्यांनी विनामूल्य वाटली. मागणी वाढल्यावर दुसरी आवृत्ती काढली व तीही विनामूल्य वाटली. १८६४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून पुस्तिकेची विक्री होऊ लागली आणि तिच्या हजारो प्रती खपल्या. तिची जर्मनसह इतर युरोपीय भाषांत भाषांतरे झाली व ती अमेरिकेतही पोचली. विक्रीतून आलेला नफा बँटिंग यांनी धर्मादाय कार्यासाठी दिला. चौथी आवृत्ती १८६९ मध्ये निघाली.

पुस्तिकेची भाषा साधी व प्रांजळ आहे. तिच्यात बँटिंग यांनी शास्त्रीय सिद्धांत मांडण्याचा आव आणला नाही. आपल्याला काय त्रास होता, काय काय करून पाहिले, कशाने गुण आला एवढेच त्यांनी सांगितले आणि इतरांनी आपापल्या चिकित्सकाच्या सल्ल्याने वागावे असे सुचविले. पुस्तिका वाचून त्यांना शेकडो लोकांची पत्रे आली.

पहिल्या आवृत्तीत हार्वी यांचे नाव नव्हते. बँटिंग यांनी पुढील आवृत्तीत ते स्पष्टपणे दिले आणि श्रेय हार्वी यांचे असल्याचे सांगितले. परंतु तोपर्यंत लोकांच्या तोंडी बँटिंग यांचेच नाव बसले होते. हार्वी यांनी या विषयावरील आपला ग्रंथ १८७२ मध्ये, म्हणजे जवळजवळ दशकानंतर प्रसिद्ध केला. त्या वेळेपर्यंत आहाराचे नाव बदलणे कोणाच्याच हाती राहिले नव्हते.

तत्कालीन प्रतिक्रिया

सर्वसामान्य वाचकांनी पुस्तिकेचे स्वागत केले. वैद्यकीय वर्तुळातील प्रतिक्रिया मात्र प्रतिकूल होती. या आहारात नवे असे काही नाही आणि वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या माणसाने अशा विषयात पडू नये, हे आक्षेपांचे मुख्य सूत्र होते. विनोदी नियतकालिकांना बँटिंग हा आयताच विषय मिळाला. आयुष्यभर टिंगल सोसलेल्या माणसाच्या वाट्याला ती पुन्हा, या वेळी छापील स्वरूपात आली.

यांपैकी आहार नवा नसल्याचा आक्षेप बराचसा खरा होता. फ्रेंच लेखक ब्रिया-साव्हारँ यांनी १८२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाकरसविषयक ग्रंथात पीठ व पिष्टमय पदार्थ हे स्थूलतेचे एक प्रमुख कारण असल्याचे सांगून ते कमी करण्याची शिफारस केली होती. नवा होता तो पुस्तिकेचा लेखक. स्थूलतेविषयी प्रथमच एक रुग्ण, स्वतःच्या वजनाचे आकडे पुढे ठेवून, इतर रुग्णांशी बोलत होता.

नावाचे क्रियापद

बँटिंग या आडनावाचा शेवट इंग्रजीतील धातुसाधितांच्या प्रत्ययासारखा आहे. त्यामुळे आहार नियंत्रित करणे या अर्थी हे आडनावच क्रियावाचक शब्द म्हणून वापरले जाऊ लागले आणि त्यातील शेवटचा भाग वेगळा काढून ‘बँट’ असे नवे क्रियापदही तयार झाले. इंग्रजीत हा शब्द पुढे मागे पडला. स्वीडिश भाषेत मात्र वजन उतरविण्यासाठी आहार कमी करणे या अर्थाचे ‘बांता’ हे क्रियापद आजही रोजच्या वापरात आहे आणि ते या आडनावापासूनच आले आहे.

प्रचलित गैरसमज

बँटिंग हे डॉक्टर होते : ते अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणारे व्यावसायिक होते. इन्सुलिनच्या शोधासाठी १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळालेले कॅनडातील फ्रेडरिक बँटिंग हे त्यांचे दूरचे नातेवाईक असल्याचे सांगितले जाते. आडनाव एकच आणि दोघांचाही शर्करेच्या विषयाशी संबंध, त्यामुळे दोघांची गल्लत होते. फ्रेडरिक यांचा जन्म १८९१ मध्ये, म्हणजे विल्यम यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी झाला.

हा आहार त्यांनी शोधला : आहाराची आखणी हार्वी यांची होती. हार्वी यांना बेर्नार यांच्या संशोधनातून दिशा मिळाली होती आणि पिष्टमय पदार्थ टाळण्याची कल्पना त्याहूनही जुनी होती.

या आहारात कर्बोदके नव्हती : बँटिंग रोज थोडा टोस्ट, रस्क, फळे आणि बटाट्याखेरीज इतर भाज्या खात. कर्बोदके कमी करणे आणि ती पूर्णपणे बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या कीटोजेनिक आहाराची मोजमापे बँटिंग यांच्या आहाराला लावता येत नाहीत. तो आहार १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या उपचारासाठी सुचविला होता.

मांस हवे तितके खाण्याची मुभा होती : पुस्तिकेत न्याहारी, दोन्ही जेवणे व सायंकाळची फळे यांची प्रमाणे औंसांत दिली आहेत. तीन वेळचे मांस किंवा मासे मिळून ३४० ते ४२५ ग्रॅमच्या आसपास भरतात. कर्बोदके टाळली की बाकीच्या पदार्थांना मर्यादा नाही, हा समज बँटिंग यांच्या पुस्तिकेवरून काढता येत नाही.

हा भरपूर स्निग्ध पदार्थांचा आहार होता : लोणी, दूध, डुकराचे मांस आणि सॅमनसारखा तेलकट मासा हे सर्व बँटिंग यांना वर्ज्य होते. स्निग्ध पदार्थांना या परंपरेत मानाचे स्थान पुढे मिळाले. जर्मन चिकित्सक विल्हेल्म एप्स्टाइन यांनी १८८२ मध्ये स्निग्ध पदार्थांमुळे भूक लवकर शमते या कारणास्तव स्थूल रुग्णांना ते देण्याचा पुरस्कार केला. दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स व त्यांचे सहलेखक यांच्या २०१३ मधील पुस्तकानंतर कमी कर्बोदके व अधिक स्निग्ध पदार्थ असा आहार ‘बँटिंग’ या नावाने लोकप्रिय झाला. नाव तेच असले तरी विल्यम बँटिंग यांचे ताट वेगळे होते.

वजन झपाट्याने उतरते : बँटिंग यांना वर्ष लागले. आजही कमी कर्बोदकांच्या आहारात पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसणारी मोठी घट ही प्रामुख्याने पाण्याची असते. यकृत व स्नायू यांतील ग्लायकोजेन या साठ्याबरोबर त्याच्या सुमारे तिप्पट वजनाचे पाणी साठविलेले असते. कर्बोदके कमी होताच हा साठा वापरला जातो व पाणी बाहेर पडते. नेहमीचा आहार सुरू करताच ते वजन परत येते. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यातील आकड्यावरून आनंद किंवा निराशा मानणे दोन्ही चुकीचे ठरते.

कीटोसिस म्हणजे रक्तातील घातक आम्लता : कर्बोदके फार कमी केल्यास शरीर चरबीपासून कीटोन तयार करून ऊर्जेसाठी वापरते. निरोगी माणसात इन्सुलिनमुळे त्यांचे प्रमाण मर्यादेत राहते. मधुमेहातील कीटोॲसिडोसिस ही इन्सुलिनच्या अभावातून उद्भवणारी, तातडीच्या उपचारांची गरज असलेली वेगळी अवस्था आहे. मात्र इन्सुलिन किंवा मधुमेहाची इतर औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता कर्बोदके अचानक कमी करणे धोक्याचे असते, कारण औषधांची मात्रा तशीच राहिल्यास रक्तातील साखर फार खाली जाऊ शकते व काही औषधांमुळे कीटोॲसिडोसिसही होऊ शकतो.

नंतरच्या काळातील प्रभाव

बँटिंग यांच्यानंतर कमी कर्बोदकांचा आहार दर काही दशकांनी नव्या नावाने पुढे येत राहिला. इंग्लंडमधील रिचर्ड मॅकार्नेस यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात बँटिंग यांची कथा सांगितली. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ॲटकिन्स यांचे पहिले पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. विज्ञानलेखक गॅरी टॉब्स यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथाचा आरंभ बँटिंग यांच्या चरित्रापासून केला. प्रत्येक वेळी त्या त्या लेखकाने बँटिंग यांच्यात आपल्या मताचा पूर्वसूरी पाहिला.

मूल्यमापन

बँटिंग यांचा अनुभव हा एका माणसाचा अनुभव आहे. वजन कमी होण्याचे कारण कर्बोदकांची घट, एकूण आहारातील घट, प्रथिनांमुळे लवकर शमणारी भूक, की गोड पदार्थ व बिअर यांचा त्याग, हे त्यावरून ठरविता येत नाही. पूर्वीच्या आहारातील पेस्ट्री, पाव, साखर व बिअर गेल्यावर एकूण उष्मांकही कमी झाले असणार. शिवाय त्यांच्या आहारातील रोजचे अनेक पेले मद्य आजचे वैद्यक मान्य करणार नाही.

आधुनिक चाचण्यांतून मिळणारे चित्र संयत आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ६०९ प्रौढांना कमी स्निग्ध पदार्थांचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार बारा महिने देण्यात आला. दोन्ही गटांना साखर व मैद्याचे पदार्थ टाळण्यास आणि भाज्या भरपूर खाण्यास सांगितले होते. वर्षअखेरीस कमी कर्बोदकांच्या गटाचे वजन सरासरी ६.० किग्रॅ., तर दुसऱ्या गटाचे ५.३ किग्रॅ. कमी झाले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. दोन्ही गटांत काहींचे वजन पुष्कळ उतरले, तर काहींचे वाढलेही. म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार हा उपयोगी ठरू शकणारा एक मार्ग आहे, परंतु तो एकमेव मार्ग नाही आणि प्रत्येकाला सारखाच मानवेल असेही नाही.

शास्त्रीय पुरावा म्हणून बँटिंग यांच्या पुस्तिकेचे मोल मर्यादित असले, तरी तिचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. स्थूलता ही नैतिक दुर्बलता नसून उपचारास पात्र असा विकार आहे, आणि भरपूर व्यायाम व अर्धपोटी राहणे हे दोन उपाय थकले म्हणून माणसाला दोष देणे योग्य नाही, हे त्यांनी स्वतःची लाज बाजूस ठेवून सांगितले. ज्यांनी वेळेचा, पैशाचा आणि प्रतिष्ठेचा खर्च करून आपला अनुभव विनामूल्य वाटला व श्रेय योग्य व्यक्तीकडे सोपविण्याचा प्रयत्न केला, त्यांच्याच नावावर आज कधीही न केलेले दावे जमा आहेत.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

उरलेल्या आयुष्यात बँटिंग हे आहाराचे हे नियम बऱ्याच अंशी पाळत राहिले आणि त्यांचे वजन पुन्हा पूर्वीइतके वाढले नाही. आहार सुरू केल्यानंतर ते पंधरा वर्षांहून अधिक जगले. १६ मार्च १८७८ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन भागातील राहत्या घरी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लंडनमधील ब्रॉम्प्टन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.